लूत नव्हे, गजकर्ण

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. ‘लष्कर’ हे त्याचे नाव आजही टिकून आहे. छावणीतून वाढलेल्या अशा वस्तीत पागेतील घोडा, गोठ्यातील गाय आणि दारातील कुत्रा ही माणसाच्या अगदी निकट नांदतात. जेथे शेजार इतका जवळचा, तेथे काही व्याधीही समाईक असतात. गजकर्ण ही त्यांपैकीच एक.

कुत्र्याच्या अंगावरचे केस झडू लागले, की मराठी घरात बहुधा एकच शब्द उच्चारला जातो : लूत. त्या शब्दासरशी त्या मुक्या प्राण्याचे घरातील स्थान डळमळते. कोणी त्याच्या अंगाला इंजिनाचे जळके तेल फासतो, तर कोणी त्याला दूर नेऊन सोडून येतो. वस्तुतः लूत होते ती कातडीत राहणाऱ्या सूक्ष्म किडीमुळे आणि गजकर्ण होते ते बुरशीमुळे. दोहोंची कारणे निराळी, तशीच औषधेही निराळी. हा भेद उमगण्यास मात्र माणसाला शतकानुशतके लागली.

प्राचीन वैद्यांना या रोगाचे रूप चांगले परिचित होते. ‘दद्रु’ या नावाने चरकाने त्याची गणना क्षुद्रकुष्ठांत केली, तर सुश्रुताने महाकुष्ठांत. पावसाळ्यात माळावर उगवणाऱ्या टाकळ्याला संस्कृतात ‘दद्रुघ्न’ असे नावच आहे. औषध हाती होते. कारण मात्र अज्ञात होते.

या औषधांच्या इतिहासात गोव्याचेही एक प्रकरण आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर भुकटी विकली जात असे. ती कोठून येते, हे गूढच होते. पुढे १८७०च्या दशकात ब्राझीलमधील बाहिया येथील डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी ती ओळखली. ती त्यांच्याच देशातील ‘अरारोबा’ वृक्षाच्या खोडातील भुकटी होती आणि पोर्तुगीज जहाजांतून गोव्यास पोहोचली होती. ती गुणकारी खरी, पण तितकीच दाहक; डोळ्यांत गेली तर मोठी इजा करणारी. अंग चाटणाऱ्या कुत्र्याला असले औषध लावणे म्हणजे त्याच्या पोटात विष घालण्यासारखेच.

कारणाचा उलगडा झाला तो युरोपात. १८३७ साली रॉबर्ट रेमाक यांना डोक्यावरील खवल्यांत बुरशीचे तंतू दिसले. १८३९ साली शोनलाइन यांनी या रोगाचे मूळ वनस्पतिवर्गीय असल्याचे मांडले, कारण त्या काळी बुरशीची गणना वनस्पतींतच होत असे. १८४१ पासून पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ते स्वतंत्रपणे सिद्ध केले. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धान्त रूढ होण्यापूर्वीची ही गोष्ट! साहजिकच ग्रूबींच्या शोधाकडे जवळजवळ अर्धशतक कोणी फारसे लक्ष दिले नाही. रेमों साबुरो यांनी तो पुन्हा उजेडात आणला. १९०२ साली बोदें यांनी कुत्र्यावरील बुरशीला ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ असे नाव दिले. या नावाने कुत्र्यावर थोडा अन्यायच झाला आहे. कारण तिचे मुख्य आश्रयस्थान मांजर असून कुत्र्याला ती पुष्कळदा मांजराकडूनच लागते.

कारण कळल्यावरही उपचाराची वाट सरळ नव्हती. १९०४ पासून मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून केस झडविण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे काहींना पुढे मेंदूतील गाठी व कर्करोग झाले, हे १९७०च्या दशकात उघड झाले. दरम्यान १९३९ साली लंडनमध्ये एका बुरशीतूनच ‘ग्रिसिओफल्विन’ हे द्रव्य वेगळे करण्यात आले होते. १९५८ साली जेंटल्स यांनी ते गिनीपिगांना पोटातून देऊन त्यांचे गजकर्ण बरे केले. माणसाचे औषध या वेळी जनावराच्या अंगावर प्रथम सिद्ध झाले.

आज निदानाचा मार्ग निश्चित आहे. तोंड, कान किंवा पंजे यांवर गोलसर चकते पडते, तेथील केस तुटतात आणि कोंडा सुटतो; खाज मात्र बहुधा बेताचीच असते. लुतीच्या नेहमीच्या प्रकारात कुत्रा खाजवून हैराण होतो. परंतु केवळ डोळ्यांवर विसंबू नये. कारण लुतीचा एक प्रकारही फारसा खाजत नाही. वुडच्या दिव्याखाली ‘कॅनिस’ बुरशी लागलेले केस हिरवट चमकतात; मात्र इतर जातींची बुरशी सहसा चमकत नाही, म्हणून चमक न दिसणे म्हणजे रोग नसणे नव्हे. केसांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून बुरशीची वाढ करून पाहणे, हाच भरवशाचा मार्ग होय.

उपचारात अंगाला बुरशीनाशक औषधाचे स्नान आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने पोटातून औषध, ही दोन्ही लागतात व ती कित्येक आठवडे चालवावी लागतात. ग्रिसिओफल्विन गाभण कुत्रीला देऊ नये. गळलेल्या केसांतील बीजाणू महिनोन्महिने जिवंत राहतात. यास्तव अंथरूण धुणे, केस झाडून गोळा करणे आणि घरातील मांजरही तपासून घेणे आवश्यक असते. चकत्यावर केस उगवले म्हणजे रोग गेला असे मानू नये. तपासणीत बुरशी उगवेनाशी झाली, तरच तो गेला. तोवर मुलांनी कुत्र्याला कवटाळू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत. कोणाच्या अंगावर चकता उठलाच, तर डॉक्टरांकडे जावे. घाबरण्याचे कारण नाही.

मुंबईत परळ येथे १८८६ साली आणि ग्वाल्हेर ज्या मध्य भारतात होते त्या राज्यात महू येथे १९५५ साली पशुवैद्यक महाविद्यालये निघाली. ज्ञान दाराशी आले आहे. मराठी घरांतील दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री निर्धास्तपणे पायांशी उभी असतात. त्या तसबिरीला रोज हात जोडणाऱ्या घराने एका चकत्यापायी आपल्या दारातील कुत्र्याला हाकलून द्यावे, इतका हा रोग असाध्य राहिलेला नाही.