टेकूंचा खर्च कोणी द्यायचा?

मागच्या वेळी आपण मुंबईच्या चाळी कशा बांधल्या गेल्या ते पाहिलं. आज त्या पुढे कोणाच्या पैशावर तगल्या, ते पाहू.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलं. युद्धाने महागाई वाढलेली, फाळणीनंतर माणसं लोटलेली. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी यांना कोणी बांधलं नव्हतं. मालकाने हात आखडले. बरं, पैसा नव्हता असंही नाही. खोली हातोहात जायची तेव्हा पागडी चालायचीच, मालकाचा वाटाही त्यात असायचा. फक्त तो भिंतीपर्यंत पोचत नव्हता.

इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा आणला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या १९,६४२ इमारतींवर उपकर बसला. आपण ज्यांना 'सेस बिल्डिंग' म्हणतो, त्या ह्याच. इमारत खाजगी, उपकराचा बोजा बहुतेक भाडेकरूवर, आणि काम सरकारी मंडळाचं! १९७७ मध्ये हे मंडळ म्हाडात विलीन झालं.

आमच्या मते खरी गोम पुढे आहे. कायद्याने दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे कमाल मर्यादा घातली. त्यावरचा खर्च रहिवाशांनी उचलायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरायची. म्हणजे इमारत वाचेल की नाही, हे तुळया किती कुजल्या एवढ्यावरच ठरत नव्हतं. शासनाने तो आकडा शेवटचा कधी वाढवला, यावरही ठरत होतं. मर्यादेत बसेल तेवढंच काम व्हायचं. गॅलरीखाली टेकू लागायचे, आणि ते 'तात्पुरते' टेकू पाहत एक पिढी मोठी व्हायची.

जुन्या पातळीवर भाडं गोठवणं काळाच्या ओघात अवाजवी ठरलंय, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं. नवा कायदा १९९९ चा. त्याने पागडीला मान्यता दिली, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण चाळीस-पन्नास रुपयांवर चार टक्के म्हणजे किती? चहाचेही पैसे सुटत नाहीत.

३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली. तीसहून अधिक माणसं गेली. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, नोटिसा लागतात. लोक हलत नाहीत, आणि बाहेरचे त्यांना हट्टी म्हणतात. पण शेजारच्या इमारतीतून संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबं वीस-वीस वर्षं तिथेच अडकलेली त्यांनी पाहिलेली असतात.