चालत्या यंत्रातील पालट

कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाणारा लोहमार्ग १८५६ साली पळसदरीपर्यंत खुला झाला. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही नगरे आज याच वाटेवर लागतात. भारतातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत धावली, ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढे त्याची जागा २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने घ्यावयाची ठरले. परंतु हा पालट टप्प्याटप्प्यानेच होणे शक्य होते. मुख्य मार्गाचा मुंबईकडील अखेरचा भाग २०१५ साली पालटला. तत्पूर्वी काही काळ बदलापुराहून मुंबईस निघालेली गाडी एकाच फेरीत दोन प्रकारच्या विजेवर चाले.

हे साधले कसे? दोन प्रवाहांच्या सीमेवर तारेचा एक तुकडा मुद्दाम निर्जीव ठेवलेला असे. तेथे वीज तोडून गाडी आपल्या वेगावरच पुढे सरके. दिवे मालवत, पंखे मंदावत, आणि आतील जोडणी नव्या प्रवाहास अनुरूप झाल्यावरच वीज पुन्हा घेतली जाई. गाडी थांबत नसे. पण विजेचा भार अंगावर असताना पालटही होत नसे.

संगणकाच्या इतिहासात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. संगणकाशी जोडलेल्या उपकरणांत रजिस्टर नावाचे लहान कप्पे असतात. त्यांतील अंक बदलले की उपकरणाचे वागणे बदलते. यंत्र सुरू होताना हे अंक प्रथम बसविले जातात. पुढे काम चालू असता, प्रणालीच्या गाभ्यातील ड्रायव्हर नामक आज्ञावलीने त्यांस हात लावावा काय?

कधीच लावू नये, असे म्हणणे सोपे आहे. पण ते व्यवहारात टिकत नाही. वीज वाचविण्यासाठी निजविलेले उपकरण जागे होते, तेव्हा त्याच्या रजिस्टरांतील अंक पुष्कळदा पुसले गेलेले असतात, व ते पुन्हा भरणे भागच असते. उलटपक्षी, अनिर्बंध मोकळीकही घातक ठरते. २००८ साली लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू असता इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची कायम स्मृती बिघडली आणि ती कार्डे निकामी झाली. संशय प्रथम ड्रायव्हरवर गेला. अखेरीस दोष सापडला तो गाभ्याचे काम न्याहाळणाऱ्या एका सोयीत. मोकळ्या केलेल्या स्मृतीच्या जुन्या पत्त्यावर ती लिहू पाहत होती, आणि त्या पत्त्यावर तोवर कार्डाची रजिस्टरे येऊन बसली होती. मग ती सोय बंद करण्यात आली, व कायम स्मृतीवर लिहिण्यास ड्रायव्हरमध्येच कुलूप घालण्यात आले.

या घटनेने प्रश्नाचे स्वरूपच स्पष्ट केले. तात्पुरता अंक चुकला तर यंत्र पुन्हा सुरू करून तो सुधारता येतो. कायमचा अंक चुकला तर उपकरणच हातचे जाते. म्हणून जे मागे घेता येते तेवढेच ड्रायव्हरने बदलावे, तेही उपकरण स्वस्थ असताना. आणि जे मागे घेता येत नाही त्यावर कुलूप असावे. बदलापूरच्या प्रवाशास क्षणभर अंधारात बसावे लागे खरे, परंतु त्या क्षणामुळेच गाडी पुढे सुखरूप जाई.