‘लायकोगाला’ : एका प्रजातीचे स्थानांतर

कुजलेल्या ओंडक्यावर उगवणाऱ्या या श्लेष्मकवकाच्या गुलाबी गोळ्या फोडल्यास दाट रस स्रवतो. पक्व झाल्यावर त्याचीच धूसर भुकटी होते. ‘लायकोगाला’ या ग्रीक घडणीच्या नावाचा अर्थ लांडग्याचे दूध. फ्लॉरेन्सच्या मिकेलीने १७२९ मध्ये ते ग्रंथात योजिले. लिनीअसने मात्र १७५३ मध्ये ही जाती ‘लायकोपर्डॉन’ या, भुकटी उडविणाऱ्या गोल भूछत्रांच्या प्रजातीत घातली. त्या शब्दाचा अर्थ लांडग्याचा अपानवायू! लांडगा राहिला, दूध गेले. १८२९ मध्ये फ्रीसच्या ‘लायकोगाला एपिडेंड्रम’ या नावात दूध परतले. कुळ मात्र भूछत्रांचेच राहिले.

दोघांची दृष्टी फलपिंडावर खिळली होती. दे बारीने बीजाणूंचे अंकुरण पाहिले. त्यांतून कवकतंतू न निघता सरपटणाऱ्या अमीबासदृश पेशी निघतात, म्हणून १८५९ मध्ये त्याने या साऱ्या गटास ‘मायसेटोझोआ’, म्हणजे कवकप्राणी, म्हटले. वर्गीकरणाचा खरा पालट हाच. बाकीचा बहुतांशी नावांचा होता. आज ही प्रजाती अमीबोझोआत मोडते. तरी तिचे नामकरण वनस्पती व कवकांच्याच संहितेने चालते, आणि त्या संहितेचा आरंभ १७५३ चा असल्याने मिकेलीचा अग्रमान तीत गणला जात नाही. एपिडेंड्रम या एका नावाखाली अनेक जाती दडल्याचे अलीकडील जनुकीय तपासणीत आढळले असून त्यांना नवी नावे देणे चालू आहे.