पाठीवर घेतलेलं पोर

अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्ण आपल्यातलाच डॉक्टर शोधतात, असं पुतणीने फोनवर सांगितलं. मला १८९७ चं पुणं आठवलं. प्लेग आलेला, आणि इस्पितळाच्या धास्तीने लोक रोगी लपवायचे. सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरला ससाणे मळ्यात दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं पोर, एरवी ज्याला कुणी शिवलं नसतं, ते बाईंनी पाठीवर घालून आणलं. १० मार्चला त्या प्लेगनेच गेल्या. त्याच महिन्यात रँडचे गोरे सोल्जर घरझडतीला निघाले.

गंमत बघा, यशवंत जन्माने ब्राह्मण विधवेचा मुलगा, बाई माळ्याच्या. मग आपल्यातलं कोण?

आमच्या लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ साली एचआयव्हीबाधित मुलांसाठी सेवालय काढलं. गावातून विरोध झाला. मुलं तिथेच वाढली.