फक्त वरची कवळी

गेल्या महिन्यात आजीला घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. वरचे सगळे दात गेलेले, खाली समोरचे सहा शिल्लक. आजीचा हिशोब सरळ, "खालचे आहेत की माझे. वरचीच कवळी करा, पैसेही अर्धेच लागतील." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "आजी, दोन्ही करायच्या असत्या तर मला सोपं गेलं असतं."

च्यायला, हे तर आपल्याच धंद्यातलं वाक्य! नवीन सिस्टीम पहिल्यापासून लिहायची असेल तर निम्मे प्रश्न येतच नाहीत. खरी डोकेदुखी असते ती जुन्या, चालू सिस्टीमला नवीन मॉड्यूल जोडताना. दोन्ही कवळ्या नव्या असल्या की दातांची उंची, उतार, सगळं डॉक्टरांच्या हातात. एकच असेल तर समोर असतात जुने, झिजलेले, तिरके झालेले दात. शिवाय ते हाडात पक्के रुजलेले, आणि कवळी नुसती हिरडीवर टेकलेली. कुस्ती बरोबरीची नाहीच.

घरी आल्यावर सवयीप्रमाणे खोदकाम सुरू केलं, आणि दोन विकांत त्यातच गेले :)

मूळ प्रश्न असा, की वरची कवळी खाली पडत का नाही? खालची निदान वजनाने तरी बसून राहते. वरचीला धरणार कोण? आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणतात त्या फ्रान्सच्या पियेर फोशारने १७२८ साली दोन खंडांचा ग्रंथ छापला. त्यात नेमकी आजीसारखीच केस आहे : वर एकही दात नाही, खाली आहेत. त्याचा उपाय म्हणजे खालच्या दातांभोवती धातूची पट्टी बसवायची आणि तिच्यावरून पोलादी स्प्रिंगांनी वरची कवळी टाळूकडे रेटून धरायची. डोकं भन्नाट, पण कल्पना करा, तोंड मिटून ठेवायला माणसाला दिवसभर जोर लावावा लागणार!

आता जॉर्ज वॉशिंग्टनकडे येऊ (हो, तोच, एक डॉलरच्या नोटेवरचा). ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये त्याने अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा फक्त एक दात उरला होता, खाली डावीकडचा. त्याची कवळी लाकडाची होती ही दंतकथाच (शब्दशः!). जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने ती पाणघोड्याच्या दातातून कोरली होती, आणि खालच्या कवळीत त्या एकुलत्या एक दातासाठी भोक ठेवलं होतं. वरची-खालची कवळी स्प्रिंगांनी जोडलेली. म्हणजे सगळी सिस्टीम नवी, पण एक जुना दात काही काढायचा नाही! शेवटी १७९६ मध्ये तोही काढावा लागला. ग्रीनवुडने तो आठवण म्हणून जपून ठेवला. १७९८ मध्ये वॉशिंग्टन ग्रीनवुडला पत्रातून तक्रार करतोय, की कवळीमुळे ओठ सुजल्यासारखे पुढे येतात. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७९९ मध्ये तो गेला.

आणि नशीब बघा. १८०० साली फिलाडेल्फियात जेम्स गार्देत या फ्रेंच दंतवैद्याने एका बाईंसाठी कवळी कोरली. आधी सवय होऊ दे, स्प्रिंगा नंतर बसवू, असं सांगून तो गेला आणि काही महिने त्याला परत जायला जमलंच नाही. गेला तेव्हा बाई म्हणाल्या, स्प्रिंगा कशाला, ही छान बसतेय की! असा किस्सा सांगतात. गार्देतच्या लक्षात आलं की कवळी टाळूला नीट चपखल बसली तर हवेचा दाबच तिला धरून ठेवतो. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवा आणि उचलून बघा, तसंच. मध्ये लाळेचा पातळ थर हवा आणि कडेने हवा आत शिरता कामा नये, बस्स. म्हणजे इतकी वर्षं सगळे स्प्रिंग सुधारत बसले होते, आणि बग होता फिटिंगमध्ये.

पण थांबा, खरा धक्का पुढे आहे. जपानमध्ये वाकायामाला नाकाओका तेई नावाची एक बौद्ध भिक्षुणी होऊन गेली. ती १५३८ मध्ये वारली. तिची वरची कवळी आजही आहे. अख्खी एका लाकडाच्या तुकड्यातून कोरलेली, स्प्रिंग वगैरे काही नाही! जपानी कारागीर मधमाश्यांच्या मेणाने हिरडीचं माप घ्यायचे, आतून रंग लावून कवळी कुठे टोचते ते बघायचे आणि तेवढंच लाकूड तासायचे. म्हणजे गार्देतच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधी हे काम झालेलं होतं. फक्त दोन्हीकडच्या कारागिरांची एकमेकांशी गाठच पडली नाही.

पुढे १८५१ मध्ये नेल्सन गुडइयरने कडक रबराचं पेटंट घेतलं. मग कोरण्याऐवजी साच्यात कवळी करता येऊ लागली आणि ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. (या रबराच्या कवळीच्या पेटंटवरून १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खून पडला. ती गोष्ट पुढच्या विकांताला!)

मग प्रश्न सुटला? नाही ना. कवळी टाळूला चिकटते हे खरं, पण खालचे दात तिला उखडायला बसलेलेच असतात. १९७२ मध्ये एल्सवर्थ केली या अमेरिकन दंतवैद्याने एक निबंध लिहिला. वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे स्वतःचे दात अशा रुग्णांमध्ये वरच्या जबड्याचं पुढचं हाड झिजत जातं, हे त्याने त्यात दाखवलं. कारण चावण्याचा सगळा मार पुढेच. कवळी पुढून वर दाबली जाते, मागून खाली सुटते, आत हवा शिरते आणि खेळ खलास. म्हणून डॉक्टर आधी दोन्ही जबड्यांचे साचे समोरासमोर बसवून बघतात, खालचा कुठला दात आडवा येतोय त्यावर खूण करतात आणि तोंडातला दात तेवढाच घासतात. आणि मागच्या बाजूला खालीही आधार देतात.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिचे दोनच मुद्दे होते. एक, "टाळू कशाला झाकतात रे? चव लागणार नाही. तेवढं कापून टाकायला सांग." दुसरा, खाली मागे दात नकोतच. टाळूचं कारण दोन ओल्या काचा घेऊन करून दाखवलं. त्या सुटेनात तेव्हा म्हणाली, "बरं, राहू दे." खालच्या दातांसाठी मात्र दोन दिवस लागले. शेवटी वॉशिंग्टनचे सुजलेले ओठ कामी आले. "एवढा मोठा माणूस, आणि असं तोंड?" म्हणाली, आणि तयार झाली.

कवळी येऊन आठवडा झाला. एकदा टोचली म्हणून परत जाऊन घासून आणली. बाजरीची भाकरी अजून दुधात कुस्करूनच खाते. पण परवा शेजारच्या काकू आल्या होत्या, आणि वर्षभरात पहिल्यांदाच आजी तोंडासमोर पदर न धरता हसली.

असो. तुमच्या घरी कोणी "एकच करा, अर्ध्यात होईल" म्हणत असेल, तर फोशारपासून सुरुवात करा. काचा मात्र तयार ठेवा.