आजोबांचा माग

अब्राहम लिंकन म्हटलं की लाकडी खोपट आठवतं. मला मात्र त्यांच्या आजोबांची गोष्ट अस्वस्थ करते. आजोबांचं नावही अब्राहमच. १७८० नंतर ते व्हर्जिनिया सोडून केंटकीत जंगल तोडून शेती करायला गेले. १७८६ मध्ये शेतात राबत असताना आदिवासींच्या हल्ल्यात ते मारले गेले. थोरल्या मॉर्डेकायनं गोळी झाडली, म्हणून धाकटा टॉमस वाचला. तेव्हाच्या कायद्यानं जमीन थोरल्याकडे गेली. टॉमस मजुरी करत वाढला, कसंबसं सहीपुरतं लिहायला शिकला. त्याचाच मुलगा १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.

या मुलानं आपलं कूळ शोधलं. १८४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका लिंकनला पत्र लिहून विचारलं. पण पेनसिल्व्हेनियाच्या मागचा धागा हाती लागला नाही. पुढं अभ्यासकांनी तो १६३७ मध्ये इंग्लंडहून आलेल्या सॅम्युअल लिंकनपर्यंत नेला. स्वतः लिंकन यांचं १८५९ च्या आत्मवृत्तात आजोबांच्या मृत्यूचं सालही चुकलं. पण मित्रहो, साल चुकलं तरी घरातलं दुःख तीन पिढ्या विसरलं गेलं नाही.

मला प्रश्न पडतो तो पुढचा. या कथेत हल्लेखोराला नाव नाही. केंटकीचं ते रान शॉनी आणि इतर जमातींच्या शिकारीचं होतं. ते त्यांच्या हातून गेलं. लिंकनच्या आजोबांचा माग जमिनीच्या दस्तांवरून लागतो. ज्यांची जमीन गेली, त्यांच्या नातवांनी आपले आजोबा कुठल्या दस्तात शोधायचे?