जागा पुरते का?

मुंबईच्या मराठीत घराला 'जागा' म्हणतात. 'मुलाची स्वतःची जागा आहे का?', 'त्यांनी डोंबिवलीला जागा घेतली', 'जागा सोडली' अशी वाक्ये बोलताना भिंती, छप्पर, अंगण यांचा उल्लेख करण्याची कोणालाच गरज वाटत नाही. गावाकडे घर असते, शहरात जागा असते. घराविषयी पुष्कळ प्रश्न विचारता येतात. जागेविषयीचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला आहे: ती पुरते का?

प्रश्न साधा दिसतो. फूटपट्टी हाती घेतली की उत्तर मिळेल, असेही वाटते. गेल्या सव्वाशे वर्षांत मुंबईत हे उत्तर वारंवार दिले गेले. कधी रोगाच्या भयाने, कधी भाड्याच्या हिशेबाने, कधी नियमाच्या कलमाने. या उत्तरांचा इतिहास पाहताना आम्हांला असे जाणवते की, आकडा ठरवणारे आणि त्या आकड्यात राहणारे एकाच प्रश्नाचे उत्तर देत नव्हते. ठरवणारे विचारीत होते, या खोलीत किती माणसे मावतील? राहणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा होता: या खोलीतून कोणत्या वेळी कोण बाहेर जाईल, आणि ज्याला बाहेर जाता येत नाही त्याचे काय? या दुसऱ्या प्रश्नाचा येथे मागोवा घ्यायचा आहे. तो सरकारी अहवालांत फार उशिरा आला आणि मराठी कथा-चित्रपटांत त्याच्या पुष्कळ आधी, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचा रुग्ण ओळखला. तोपर्यंत चाळीतली दाटी ही मालक व भाडेकरू यांच्यामधली खाजगी बाब होती. प्लेगने ती सार्वजनिक केली. १८९८ मध्ये 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे, वाऱ्याला वाट करून देणे आणि विस्थापितांसाठी चाळी बांधणे ही त्याची कामे. आजही या चाळी 'बी.आय.टी. चाळी' म्हणून ओळखल्या जातात. पाडकाम आधी आणि बांधकाम मागाहून, असा क्रम पडल्यामुळे उठवलेली माणसे बहुधा शेजारच्या वस्तीत शिरली आणि तेथली दाटी वाढली. पण विचारात एक बदल निश्चित झाला. जागा पुरेशी आहे की नाही, याचा निकष आता हवा आणि उजेड हा झाला.

हवेच्या या निकषाला मृत्यूच्या आकड्यांचा आधार होता. १९२१ साली मुंबईतील सुमारे ६६ टक्के लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. त्या वर्षीची बालमृत्यूची नोंद अशी: दर हजार नोंदल्या गेलेल्या जन्मांमागे एका खोलीच्या बिऱ्हाडांत ८२८ अर्भके दगावली, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ३२२, तीन खोल्यांच्या १९१ आणि चार वा अधिक खोल्यांच्या १३३. अभ्यासक हे आकडे पुनःपुन्हा उद्धृत करतात. मात्र त्यांत एक खोट आहे आणि ती त्या काळीही ठाऊक होती. गिरणगावातल्या पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात आणि मूल घेऊन परत येत. म्हणजे जन्म कोकणात किंवा घाटावर होई आणि मृत्यू मुंबईत नोंदला जाई. त्यामुळे ८२८ हा आकडा फुगलेला आहे. खोल्या वाढल्या की मृत्यू घटतात, हा क्रम मात्र त्याने खोटा ठरत नाही.

आम्हांला त्या खोटेपेक्षा तिचे कारण अधिक बोलके वाटते. मुंबईतली खोली बाळंतपणाला पुरत नव्हती, म्हणून गाव हे त्या बिऱ्हाडाचे दुसरे दालन झाले होते. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण, संप या सर्वांसाठी लागणारी जागा शंभर-दोनशे मैलांवर होती. खोलीचे माप घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेपात ती येणे शक्यच नव्हते.

ज्या बायकांना गावी जाता येत नसे, त्यांच्याविषयीची एक नोंद उपलब्ध आहे. १९२०च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यास नेमले. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर सुमारे १५ फूट लांब व १२ फूट रुंद अशा एकाच खोलीत त्यांना सहा कुटुंबे आढळली. जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली होत्या, त्यावरून कुटुंबांची संख्या पटली. लहानमोठी मिळून माणसे ३०. खोलीचे क्षेत्रफळ १८० चौरस फूट, म्हणजे दर माणशी सहा. प्रौढ माणसाला नुसते आडवे व्हायला याच्या दुप्पट तरी जागा लागते.

'चूल वेगळी करणे' म्हणजे संसार वेगळा करणे, असे आपली भाषा सांगते. त्या खोलीत भिंत एकही नव्हती, पण चुली सहा होत्या. एवढ्या दाटीतही त्या माणसांनी आपले सहा संसार सहाच ठेवले होते. पुढची नोंद अधिक अस्वस्थ करणारी आहे. तेथील सहा स्त्रियांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. आडोशाची सोय काय, असे विचारल्यावर सोबतच्या परिचारिकेने सुमारे तीन फूट बाय चार फुटांचा कोपरा दाखवला. त्या वेळेपुरता तेथे पडदा लावीत. बारा चौरस फूट. जागा पुरते का, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर आम्हांला दुसऱ्या कोणत्याही कागदात मिळालेले नाही.

याच सुमारास सरकारने स्वतः उत्तर द्यायचे ठरवले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' उभे राहिले. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया जकात बसवून त्यातून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या, असा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी आणि १६,००० हून थोड्या अधिक खोल्या झाल्या. प्रत्येक मजल्यावर मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला सामायिक संडास. खोलीचे माप सुमारे १६० चौरस फूट. हा आकडा कुटुंबाच्या गरजेतून निघालेला नव्हता. बांधकामाचा खर्च आणि कामगाराला झेपेल ते भाडे यांचा मेळ घालताना उरलेली ती जागा होती.

या नव्या, पक्क्या, सिमेंटच्या खोल्या कामगारांनी आनंदाने घेतल्या असत्या, तर आमचा युक्तिवाद येथेच संपला असता. पण कित्येक वर्षे त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. वरळी गिरण्यांपासून दूर पडे, खोल्यांत वारा नीट खेळत नसे, भाडे जड होते. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. वास्तूत फारसा बदल न करता घराचा तुरुंग होऊ शकला, ही गोष्ट त्या मापाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. पुढे गिरण्यांची व शहराची गर्दी वाढत गेली तशा त्या खोल्या भरल्या, आणि मग तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत भरलेल्याच राहिल्या. खोली तीच होती. दुसरा पर्याय उरला नाही, म्हणून ती 'पुरू' लागली.

ती पुरवली कशी जाई, हे गिरणगावातल्या आठवणींतून दिसते. चाळीतल्या माणसाने जागेची तूट वेळाने भरून काढली. गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या, तेव्हा रात्रपाळीचा माणूस परत येई आणि दिवसपाळीवाल्याच्या अंथरुणावर पडे. एकट्या पुरुषांच्या गावकीच्या खोल्यांत प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक, एक खुंटी आणि एक वळकटी येई. कुटुंब असेल तेथे पुरुष व थोरली मुले रात्री बोळात, गच्चीवर, फुटपाथवर झोपत. पोटमाळा, पलंगाखालची जागा, नाका, व्यायामशाळा, ग्रंथालय, गणपतीचा मंडप, हे सारे घराचेच भाग होते. मात्र या दालनांची दारे पुरुषाला जितकी मोकळी होती, तितकी स्त्रीला नव्हती. नाक्यावर उभे राहण्याची सोय तिला नव्हती. मोरीच्या आडोशाला कपडे बदलणे, सर्वांची निजानीज झाल्यावर पाठ टेकणे आणि कोणी जागे होण्याआधी उठणे हा तिचा दिनक्रम होता. खोली बाकीच्यांना पुरली, कारण तिने कमी जागा घेतली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण अशा वेळी नेहमी दिले जाते, आणि बहुधा उलट अर्थाने. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे कुटुंब घेऊन परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की, संध्याकाळी मुलाला लवकर निजवून वडील पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवीत, आणि मग दिव्याच्या उजेडात अभ्यास चाले. खोलीत एकांत नव्हता, तो रात्रीतून काढावा लागला. त्यासाठी वडील जागत बसले. १९१२च्या सुमारास कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळ क्रमांक १ मध्ये आले, तेव्हा त्यांनी एक नव्हे, दोन खोल्या घेतल्या, ५० व ५१ क्रमांकांच्या. त्यांतली एक अभ्यासाला राखली. पुढे १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे वास्तव्य तेथे होते. भेटीगाठी व चळवळीचे काम यांसाठी दामोदर हॉलमधली कचेरी होती. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले, ते प्रामुख्याने ग्रंथांना जागा हवी म्हणून.

'पाहा, एका खोलीत शिकूनही माणूस एवढा मोठा होतो' असा बोध या कथेतून काढणे आम्हांला अन्यायाचे वाटते. शक्य होताच त्या कुटुंबाने काय केले, ते पाहावे. दुसरी खोली घेतली. त्यानंतर शक्य झाले तेव्हा घर बांधले. छोट्या जागेत राहिलेल्या माणसाचा पराक्रम हा त्या जागेच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

साहित्याने या बाबतीत दोन्ही गोष्टी केल्या आहेत. १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'ने चाळीला मराठी मनात कायमचे आपलेसे केले. त्यातला विनोद निर्मळ आहे आणि शेवटच्या 'चिंतना'त विरहाची चाहूलही आहे. दोष पुस्तकाचा नाही. पण त्यानंतरच्या आपल्या वाचनाने दाटीचे रूपांतर आपुलकीत करून टाकले. 'घर लहान, पण मन मोठे' हे वाक्य आपण इतक्या सहजपणे म्हणतो की, मन मोठे ठेवण्याचा खर्च त्या घरात कोणी सोसला, हे विचारायचे राहून जाते. उलट १९७० सालच्या, राजा ठाकूर दिग्दर्शित 'मुंबईचा जावई' या चित्रपटाने हसतखेळत नेमका तोच प्रश्न विचारला. भरल्या घरात नवविवाहित जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढेच त्याचे कथासूत्र. १९७२ मध्ये बासू चटर्जी यांनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' केला. प्रेक्षक हसले, कारण प्रत्येकाला ती अडचण ठाऊक होती.

हीच अडचण सरकारी व्याख्येत ठळकपणे दिसते ती २०१२ साली. नागरी गृहटंचाई मोजणाऱ्या केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने देशातील शहरी टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची असल्याचा अंदाज दिला. त्यांतील १ कोटी ४९ लाख ९० हजार कुटुंबांना छप्पर होते. ती मोजली गेली दाटीमुळे, म्हणजे घरातल्या एखाद्या तरी जोडप्याला स्वतंत्र खोली नव्हती म्हणून. येथे चौरस फुटांऐवजी माणसांमधल्या नात्याने जागा मोजली गेली. इकडे मुंबईत मात्र झोपडपट्टी पुनर्वसनातला आकडा २२५ वरून २६९, आणि तेथून ३०० चौरस फुटांवर सरकत आला. घरात जोडपी किती, मुली किती, अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, हे त्या आकड्याला ठाऊक नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील पहिल्या काही कुटुंबांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी जागा तिप्पट झाली. चाळीचा बोळ गेला, उघडी दारे गेली, याची हळहळ व्यक्त करणारे लेख यापुढेही येत राहतील, आणि ती हळहळ खोटी नाही. पण तिच्यावर मत देण्याआधी, दार लावून घेण्याची सोय पहिल्यांदाच मिळालेल्या त्या घरातल्या सुनेला आणि मुलीला विचारावे, असे आम्हांस वाटते. वर्गात 'बटाट्याची चाळ' शिकवतानाही विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. आपापल्या घरातील सर्वांची रात्रीची झोपण्याची जागा कागदावर काढा, आणि सर्वांत शेवटी कोण आडवे होते, ते लिहा. जागा पुरते की नाही, हे त्या कागदावरून कळेल.